धाप, सुई आणि वाफ : शहापूर-मुरबाडच्या वाटेवरून श्वासाच्या औषधाचा इतिहास



शहापूर-मुरबाड म्हटलं की इतिहासाची आवड असणाऱ्यांना माहुली आठवते, नाणेघाट आठवतो, सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात. त्या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि आमच्यापेक्षा चांगले बोलणारे आहेत. आम्ही आज वेगळाच इतिहास घेऊन आलो आहोत. माणसाचा श्वास कोंडला, छाती भात्यासारखी चालायला लागली, तोंडातून पुरतं वाक्य फुटेना, तर त्या घटकेला त्याला काय द्यायचं, या प्रश्नाचा हा इतिहास. तो या दोन तालुक्यांकडे बघत का सांगायचा, तेही ओघात येईल.

आधीच एक सांगून टाकतो. आमच्या नावामागचं ‘डॉक्टर’ तत्त्वज्ञानाचं आहे. एसटीत कुणाला चक्कर आली की ओळखीचा कंडक्टर आमच्याकडे बघतो आणि आम्ही खिडकीबाहेर बघतो! तेव्हा जे सांगतो ते इतिहास म्हणून ऐका. गोळी आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

पण श्वास हा विषय तत्त्वज्ञानाला परका नाही हो. छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचं भांडण आहे. आमच्यात मोठं कोण? वाणी वर्षभर बाहेर जाऊन येते, मग डोळे, मग कान, मग मन. शरीराचं आपलं कसंबसं चालतं. शेवटी प्राण निघायला लागतो, तेव्हा खुंटे उपटावेत तशी बाकीची सगळी उपटली जायला लागतात आणि त्याच्यापुढे हात जोडतात. ही गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. दम्याच्या झटक्यातल्या माणसाला ती सांगावी लागत नाही.

आता थोडं शरीर समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फुफ्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या आहेत, श्वासनलिका. त्यांच्याभोवती स्नायूंचं वेटोळं असतं. दम्यात तीन गोष्टी घडतात. स्नायू आवळतो, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि वर चिकट कफ साचतो. या तिन्हींमुळे नळी बारीक होते; हवा आत कशीबशी जाते, बाहेर यायला मागत नाही, म्हणून श्वास सोडताना शीळ वाजते. ज्याला डॉक्टरमंडळी ब्रॉन्कोडायलेटर म्हणतात, म्हणजे श्वासनलिका रुंदावणारं औषध, ते यातल्या पहिल्याच गोष्टीवर काम करतं. आवळलेला स्नायू सैल करतं. सूज त्याच्याने उतरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे अनेक अनर्थ हे विसरल्यामुळे झाले आहेत.

म्हणजे हे औषध करतं काय? ते वेळ मिळवून देतं. सूज उतरवणारं औषध अंगात भिनायला काही तास लागतात. तोवर माणूस जगला पाहिजे ना! ते मधले तास हे औषध काढून देतं. आणि वेळ कुणाला जास्त हवा? ज्याच्या घरासमोर दवाखाना आहे त्याला, की ज्याला दवाखाना गाठायलाच दोन तास लागतात त्याला?

कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ साली आली. वासिंद, आसनगाव, खर्डी मुंबईला जोडली गेली. पण डोळखांबच्या पलीकडच्या पाड्याला त्या रुळांचा उपयोग फारसा नव्हता. मुरबाडला तर अजूनही रेल्वे नाही, कल्याणला जायचं ते रस्त्यानंच. पावसाळ्यात ओढा भरला की पाड्यावरच्या आजाऱ्याला चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणायचं, मग गाडी शोधायची. बरं, झोळीत माणूस आडवा होतो. दमेकऱ्याला आडवं होणं म्हणजे शिक्षा. तो बसून, पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत असतो. तानसा, भातसा इथली. मुंबईची तहान या तालुक्यांनी भागवली. मुंबईची औषधं मात्र उलट दिशेनं तेवढ्या सहज वाहत आली नाहीत.

आणि इथे श्वासाला कारणंही कमी नाहीत. ओल्या लाकडाची चूल घराघरात होती, आजही पुष्कळ ठिकाणी सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली असं दिसतं. पावसाळ्यापूर्वी राब भाजतात. पाला, गवत, शेण पसरून पेटवायचं आणि त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं करायची. शेतीच्या दृष्टीनं त्याला अर्थ आहे, पण त्या दिवसांत खोऱ्यात धूर कसा बसून राहतो ते इथल्यांना सांगायला नको. कातकरी समाज पूर्वी कात पाडायचा, मग कोळशाच्या भट्ट्यांवर गेला, मग वीटभट्ट्यांवर. पिढ्या बदलल्या, धूर तोच. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की बिडी-सिगारेट कधीही न ओढलेल्यांनाही फुफ्फुसांचा तो कायमचा अडथळ्याचा आजार, सीओपीडी, मोठ्या प्रमाणात होतो आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर आहे. आमच्या आजीपणज्या पन्नाशीत खोकत बसायच्या त्याला घरचे ‘वय झालं’ म्हणत.

आता औषधाकडे येऊ. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास, क्षुद्रश्वास. त्यातला तमकश्वास वाचला की आजचा दमा समोर उभा राहतो; आडवं पडलं की वाढतो, बसलं की बरं वाटतं, ढगाळ हवेत उसळतो. त्यावरच्या उपायांत धूमपानही आहे, म्हणजे औषधी वनस्पतींची वळी करून तिचा धूर घेणं. श्वास कोंडलेल्याला धूर द्यायचा! ऐकायला विचित्र वाटतं, पण औषध पोटात न घालता थेट छातीत पोचवायचं, ही कल्पना त्यात आहे. पंपाची कल्पना याहून फार वेगळी नाही.

आपल्याकडे धोतरा महादेवाला वाहतात. उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची चाल मद्रासकडे इंग्रजांनी पाहिली. तिथले डॉक्टर अँडरसन यांनी ती वापरली आणि १८०२ साली जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती इंग्लंडला नेली. तिथे बघता बघता दम्याच्या सिगारेटी निघाल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त आयुष्यभर दम्याने बेजार. तोही असल्या सिगारेटी ओढायचा. पुढे १८३० च्या दशकात अशा वनस्पतींतून अ‍ॅट्रोपिन वेगळं काढलं. आणि त्याच अ‍ॅट्रोपिनच्या घराण्यातलं, पण मेंदूत न शिरणारं असं इप्राट्रोपियम १९७० च्या दशकात आलं. आज कुठल्याही रुग्णालयात गंभीर झटक्यात जी वाफ देतात, तिच्यात साल्बुटामॉलच्या जोडीला बहुधा हे इप्राट्रोपियम असतं. म्हणजे उकिरड्यावरचा धोतरा मद्रासहून लंडनला गेला, जर्मन प्रयोगशाळेतून फिरला आणि बाटलीत बसून परत आला. यावरून ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं छाती फुगवून म्हणू नका. धोतऱ्याचं विष आणि औषध यांत अंतर फार थोडं. कच्चा धोतरा घेऊन माणसं भ्रमिष्ट झाली आहेत, मेली आहेत. ते अंतर मोजायला जी दीडशे वर्षं लागली, तीच त्या औषधाची खरी किंमत.

दुसरी वाट चहा-कॉफीची. इंग्लंडात हेन्री साल्टर म्हणून वैद्य होते, स्वतः दमेकरी. १८६० च्या त्यांच्या ग्रंथात झटक्यावर कडक काळी कॉफी हा उत्तम उपाय सांगितला आहे. आपल्याकडे धाप लागलेल्याला कोरा चहा पाजतात, त्यातही तथ्याचा कण आहे. कॅफीन श्वासनलिका किंचित सैल करतं. अल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ साली चहाच्या पानांतून थिओफायलीन वेगळं केलं. ते दम्यावर वापरायला १९२२ उजाडलं. त्याचंच पाण्यात विरघळणारं रूप अमिनोफायलीन, शिरेतून द्यायचं. आणि त्याच कुळातलं, दोन औषधं एकत्र केलेलं इंजेक्शन म्हणजे डेरिफायलीन. हे नाव घेतलं की सभागृहातल्या साठीपुढच्या माना हलायला लागतात!

तिसरी वाट अ‍ॅड्रेनलिनची. १९०१ च्या सुमारास ताकामिने यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवलं आणि १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये बुलोवा आणि कॅप्लान या डॉक्टरांनी दमेकऱ्याला कातडीखाली टोचलं. काही मिनिटांत श्वास मोकळा. धाप लागलेला माणूस डोळ्यांदेखत उठून बसतो हे दृश्य डॉक्टरांना तेव्हा नवं होतं. एफेड्रिन हे चिनी मा-हुआंग वनस्पतीतलं. १९२४ पासून जगभर गेलं, गोळीतून देता येतं हा त्याचा फायदा. एफेड्रा म्हणजेच वेदातला सोम, असा एक तर्क आहे आणि त्यावर विद्वान अजून भांडतात. आम्ही त्या भांडणात आज पडत नाही.

आता या दोन तालुक्यांत यातलं काय पोचलं? पोचली ती सुई. आमच्या पिढीच्या आठवणीतला खेड्यातला डॉक्टर म्हणजे मोटरसायकल, चामडी पेटी, आणि पेटीत डेरिफायलीन आणि डेकाड्रॉन. रात्री दोनला हाक आली की कंदिलाच्या उजेडात ही दोन इंजेक्शनं द्यायची. डेकाड्रॉन म्हणजे स्टेरॉइड, सूज उतरवणारं. आज शहरातले तज्ज्ञ या जोडीची चेष्टा करतात. आम्हाला ती चेष्टा पटत नाही. वीज नाही, ऑक्सिजन नाही, कल्याण दूर. त्या डॉक्टराजवळ दुसरं होतं काय? त्या सुईने कितीतरी माणसं सकाळपर्यंत जगवली. पण थिओफायलीनच्या घराण्याचाही धोतऱ्यासारखाच दोष आहे. गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा अगदी शेजारी शेजारी. उलट्या, छातीत धडधड, हात कापणं. जास्त झालं किंवा शिरेतून घाईने गेलं तर आकडी, हृदयाचे ठोके बेताल, क्वचित मृत्यूही. म्हणून आजच्या उपचारांत झटक्यासाठी त्याला पहिली जागा राहिलेली नाही.

सुईचा दुसरा परिणाम शरीरावर नव्हे, समजुतीवर झाला. ‘सुईनेच गुण येतो’ ही भावना इतकी रुजली की गोळी देणारा डॉक्टर कच्चा आणि टोचणारा पक्का. महिन्यातून दोनदा धाप लागायची, दोनदा बाजाराच्या दिवशी जाऊन सुई घ्यायची, घरी यायचं. मधल्या दिवसांत सूज तशीच. दमा हा रोज असणारा आजार आहे, झटका हे त्याचं फक्त दिसणारं टोक, ही गोष्ट त्या सुईने झाकून टाकली. तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो की परिणाम नाहीसा झाला म्हणून कारण नाहीसं झालं असं होत नाही. वर्गात पोरं जांभया द्यायची!

हीच चूक तिकडे साहेबाच्या देशातही झाली, आणि ती सुशिक्षितांनी केली. तो भाग सांगतो.

१९४८ साली अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की अ‍ॅड्रेनलिन शरीरात दोन प्रकारच्या कुलपांवर काम करतं, अल्फा आणि बीटा. नळ्या सैल होणं हे बीटाचं काम. त्याआधीच आयसोप्रेनलिन नावाचं बीटावर चालणारं औषध आलं होतं. मग पंप. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची मुलगी दमेकरी. काचेचा फुगा दाबून औषध ओढायला ती कंटाळली आणि बापाला म्हणाली, केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत माझं औषध का नाही घालत? १९५६ साली तसा पंप बाजारात आला. खिशात मावणारा, सुई नाही, डॉक्टर नाही. मोठीच सुटका.

आणि १९६० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या अचानक वाढली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही. जिथे जिथे आयसोप्रेनलिनचे तीव्र मात्रेचे पंप खपले तिथे तिथे. कारण काय यावर पुष्कळ वाद झाला. काही म्हणाले, औषधच हृदयाला बाधलं. काही म्हणाले, पंपाने क्षणभर बरं वाटतं, माणूस पुन्हा ओढतो, पुन्हा ओढतो, आत सूज वाढत राहते आणि रुग्णालयात जायला उशीर होतो. दोन्हींत तथ्य असावं. आमचा कल दुसऱ्या कारणाकडे जरा जास्त आहे, कारण ते आम्ही आमच्याकडच्या सुईत पाहिलं आहे. आराम देणाऱ्या औषधाने आजार मोजला की उशीर ठरलेला.

यानंतर आलं साल्बुटामॉल. स्कॉटलंडातल्या एका कोळसा खाणकामगाराचा मुलगा, डेव्हिड जॅक, इंग्लंडमधल्या वेअर गावी अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीत संशोधनप्रमुख होता. हृदयाला फार न हलवता नळ्यांवर काम करणारं औषध त्याला हवं होतं. बीटा कुलपांचेही दोन प्रकार आहेत, एक मुख्यतः हृदयाचं, दुसरं नळ्यांचं, हे १९६७ साली लँड्स यांनी दाखवलं. जॅकच्या गटाचं साल्बुटामॉल दुसऱ्या कुलपाची किल्ली ठरलं. १९६९ साली ते बाजारात आलं. १९७२ साली त्याच कंपनीने ओढून घ्यायचं स्टेरॉइडही आणलं, बेक्लोमेथासोन. वेळ मिळवून देणारं एक आणि सूज उतरवणारं एक, अशी जोडी आता पंपात मिळाली. खरं तर दम्याचा प्रश्न कागदावर तेव्हाच सुटला होता. आपल्याकडे १९७० च्या दशकात सिप्लाने पंप बनवायला सुरुवात केली; अस्थालिन हे नाव औषधाच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरी गावात पंप रुजला नाही. ‘पंप लागला म्हणजे शेवटची पायरी’, ‘पंपाची सवय लागते’, ‘मुलीच्या हातात पंप दिसला तर सोयरीक मोडेल’. ही वाक्यं आम्ही घरोघरी ऐकली आहेत. लोकांनी पंपाऐवजी साल्बुटामॉलची गोळी आणि पातळ औषध पसंत केलं. तेच औषध, पण पोटातून जाणारं. मात्रा कितीतरी जास्त, गुण उशिरा, हात कापतात, छाती धडधडते. पंपातून जाते ती मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे हजारपटींनी लहान मोजमापात. ‘पंप जहाल आणि गोळी सौम्य’ ही समजूत बरोबर उलटी आहे.

मग रुग्णालयांत नेब्युलायझर आला, म्हणजे आपली मशीनची वाफ. ही मात्र लोकांना आवडली. वाफ ओळखीची, सर्दी-खोकल्याला आपण वाफारा घेतोच. मास्क दिसतो, यंत्र घुरघुरतं, काहीतरी चाललंय असं वाटतं. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय इथपर्यंत पोचलेल्या माणसाला ही वाफ, ऑक्सिजन, स्टेरॉइड मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पण यंत्राला वीज लागते. भारनियमनाची वर्षं आठवा.

आता या सगळ्या कथेतला, आमच्या मते, सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या भाषेत शब्द एकच, ‘धाप’. ‘दम लागतोय’, ‘श्वास चढलाय’, सगळं त्याच पोतडीत. आणि ज्याच्या पेटीत एकच औषध, त्याला प्रत्येक धाप दम्याचीच दिसणार. पण या रानात धाप चार दिशांनी येते.

लाल विंचू घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्हाला माहीत आहे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली धडधाकट माणसं, मुलं, दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग धाप, तोंडाला गुलाबी फेस, मृत्यू. ते रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. विंचवाच्या विषाने शरीराचंच अ‍ॅड्रेनलिन आणि त्याची भावंडं महापुरासारखी सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तदाबावरची स्वस्त गोळी, प्राझोसिन, त्यांनी यावर वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण कमालीचं घटलं. आता बघा, दम्यात आपण अ‍ॅड्रेनलिनच्या जातीचं औषध देतो, विंचवाच्या धापेत त्याचाच परिणाम रोखणारं. धाप तीच, औषध उलटं. बिरवाडीत नवं यंत्र नव्हतं. तिथे एक माणूस धाप आणि धाप यांत फरक करत बसला होता.

मण्यार घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात, बोलणं अडखळतं आणि श्वासाचे स्नायूच थंडावतात. नळ्या मोकळ्याच आहेत, त्या रुंदावून काय करणार? तिथे विषावरची लस हवी आणि तोवर पिशवीने श्वास चालू ठेवणारा माणूस हवा. आता गंमत अशी की ती लस काही जणांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, छाती आवळते. आणि तेव्हा धावून येतं ते १९०३ सालचं अ‍ॅड्रेनलिनच, मांडीच्या स्नायूत टोचलेलं. दम्यात मागे पडलेली ही म्हातारी सुई तिथे आजही पहिल्या नंबरावर आहे.

लहान मुलाची धाप बहुधा न्यूमोनियाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना, निरक्षर दाईंनाही, बाळाचे श्वास मोजायला शिकवलं, मोजणी चुकू नये म्हणून मणी लावलेलं साधन केलं आणि वेगाने श्वास असला की प्रतिजैविक द्यायला लावलं. १९९० साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तिथेही तेच, आधी धापेची ओळख, मग औषध. आणि चौथी, म्हाताऱ्या माणसाची हृदयाची धाप, रात्री उठवून बसवणारी. तिला जुने डॉक्टर ‘हृदयाचा दमा’ म्हणायचे. नावातच घोटाळा.

आमचा मुद्दा एवढाच की औषधाची पेटी गावात पोचवणं हा अर्धा इतिहास आहे. त्या पेटीबरोबर धाप ओळखणारा माणूस पोचला का, हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त कष्टाचा.

२०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झाल्या, ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अधिक सुसज्ज. या योजनेचं वैशिष्ट्य असं की गाडीत डॉक्टर ठेवला. त्यामुळे ऑक्सिजन आणि वाफ रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर डांबरी रस्ता संपतो तिथे सुरू होऊ शकली. डांबरीपासून पाड्यापर्यंतचं अंतर मात्र गाडीच्या हातात नाही. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरात, ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घरोघरी फिरला. बोटाला चिमटा लावून आकडा बघायची सवय पाड्यांनाही झाली. ‘ऑक्सिजन किती?’ हे वाक्य मराठीत तेव्हा रुळलं. ती सवय मोडू देऊ नये असं आम्हाला वाटतं.

आणि एक शोध, जो खरं तर आपल्याकडेच लागायला हवा होता. पंपाची अडचण ही की दाबणं आणि ओढणं एका क्षणी जमलं पाहिजे. धापेत ते जमत नाही, मुलांना तर नाहीच. म्हणून मध्ये एक पोकळ नळकांडं लावतात, स्पेसर. औषध त्यात तरंगतं, माणूस सावकाश ओढतो. स्पेसरमधून दिलेला पंप झटक्यात वाफेच्या यंत्राइतकाच चांगला चालतो, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. वीज नको, यंत्र नको. पण स्पेसर गरिबाला महाग. केपटाउनमध्ये डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, कडा चिकटवून बंद केल्या आणि झटका आलेल्या मुलांवर तुलना करून पाहिली. ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. कडा न चिकटवलेली बाटली जरा कमी पडली, आणि थर्माकोलचा पेला सर्वांत मागे. १९९९ चा ‘लॅन्सेट’. आपल्या प्रत्येक एसटी स्टँडवर अशा बाटल्यांचे ढीग पडलेले असतात.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यांतले दोन इथे देतो.

एका आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे आमची डेरिफायलीनची गोळी बंद करायची का?’ नाही. चालू गोळी सभेत ऐकून बंद करू नये, आजोबा. ती जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा, माझ्या औषधांत सूज उतरवणारं कोणतं आणि तात्पुरता आराम देणारं कोणतं? दोन्हींवर वेगवेगळी खूण करून घ्या. जगभरचे दम्याचे तज्ज्ञ २०१९ पासून सांगताहेत की नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नये. सूज उतरवणारं औषध सोबत हवंच.

टोकावड्याकडच्या एका आशाताईंचा प्रश्न जास्त नेमका होता. ‘गाडी येईपर्यंत करायचं काय?’ ताई, ज्याचा दमा ठरलेला आहे आणि ज्याला पंप लिहून दिलेला आहे, त्याच्याबद्दलच बोलू. त्याला बसवा, निजवू नका. भोवतीची गर्दी हटवा, चूल विझवा. १०८ ला आधी फोन करा, पंप नंतर. डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांत साल्बुटामॉलचे ४ ते १० फवारे, दर २० मिनिटांनी, पहिल्या तासात, असं सांगितलं आहे. एका वेळी एकच फवारा स्पेसरमध्ये आणि प्रत्येकानंतर चार-पाच सावकाश श्वास. तुमच्या गावातल्या दमेकऱ्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, रात्री आठवत बसायला नको. ओठ निळे, शब्द फुटत नाही, किंवा छातीची शीळ अचानक थांबली आणि माणूस पेंगायला लागला, तर तो बरा होत नाहीये, बिघडतो आहे. गाडीची वाट बघत थांबू नका, मिळेल त्या वाहनाने निघा, वाटेत फवारे चालू ठेवा. आणि बाटलीचा स्पेसर केलात तर साबणाच्या पाण्यात बुडवून आपोआप वाळू द्या, फडक्याने पुसू नका. पुसलं की प्लास्टिकवर वीज चढते आणि औषध बाटलीलाच चिकटून बसतं.